शॅमेलिऑनसाठी यूव्हीबी दिवा: खोक्यावरचा आकडा सोडा, फांदीवरचा बघा

पत्र: माझ्याकडे सात महिन्यांचा नर व्हेल्ड शॅमेलिऑन (डोक्यावर उंच तुरा असलेला, रंग बदलणारा सरडा) आहे. पिंजरा सगळ्या बाजूंनी जाळीचा, दोन बाय दोन फूट, उंची चार फूट. छताच्या जाळीवर २६ वॉटचा पिळाच्या आकाराचा यूव्हीबी बल्ब टेकवून ठेवलाय, त्याच्या खोक्यावर ‘१०.०’ असं लिहिलंय. शेजारी जांभळ्या उजेडाचा ‘यूव्ही’ एलईडी दिवा आहे. सकाळी तो छताला उलटा लटकून बल्बच्या अगदी खाली जातो आणि गेले चार दिवस दुपारनंतर दोन्ही डोळे मिटून बसतो. खाणंही कमी झालंय. एक जण म्हणतात, यूव्ही कमी पडतंय, १२ टक्क्यांची ट्यूब घ्या. दुसरे म्हणतात, दिवे काढा, खिडकीतलं ऊन पुरे. कोणता दिवा घेऊ आणि किती अंतरावर लावू?

उत्तर: आधी डोळ्यांचं बघू, दिव्याचं नंतर. दोन्ही दिवे आत्ताच बंद करा. त्याजागी घरातला साधा पांढरा एलईडी बल्ब लावा, आणि उबेसाठी साधा तापणारा बल्ब असेल तर तो चालू राहू दे. आठ-दहा दिवस यूव्हीबी, म्हणजे कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार करणारे उन्हातले अतिनील किरण, मिळालं नाही म्हणून सात महिन्यांच्या, नीट खात आलेल्या शॅमेलिऑनचं काही बिघडत नाही. ड-३ जीवनसत्त्वाचा थोडाफार साठा त्याच्या शरीरात असतो. चुकीच्या दिव्याखाली आणखी एक दिवस काढणं मात्र महागात पडू शकतं.

शॅमेलिऑन दिवसाउजेडी डोळे मिटून बसला तर तो दमलाय असं समजून सोडून देऊ नका. हे आजाराचं लक्षण आहे. दिव्याने डोळे पोळले असतील तर सहसा दोन्ही डोळ्यांना त्रास होतो, पापण्या सुजतात, जनावर उजेड टाळतं. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. पण पाणी कमी पडणं, अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि डोळ्याचा संसर्ग यांतही असंच दिसतं. म्हणून सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे आज नाही तर उद्या जाच. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून वरच्या पारदर्शक पडद्याला इजा झाली आहे का, हे त्यांना लगेच बघता येतं. माणसांचे डोळ्यांचे थेंब घरच्या घरी घालू नका. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं आणि पडद्याला जखम असेल तर ती त्याने चिघळते. जाताना दोन्ही दिवे, निदान त्यांच्या खोक्यांचे फोटो, सोबत न्या. तोवर कोमट पाण्याची बारीक फवारणी रोजच्यापेक्षा जास्त वेळा करा. दिव्याचा त्रास असेल तर तो दिवा काढल्यावर बहुतेक वेळा काही दिवसांत उतार पडतो.

आता तुमच्याकडचे दिवे. जांभळा एलईडी परत लावूच नका. असे दिवे बहुधा ३६५ ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे यूव्हीबीपेक्षा लांब लहरींच्या यूव्हीएमध्ये चमकतात. ड-३ तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचं यूव्हीबी लागतं आणि ते त्यांत नसतंच. वर दिसणारा उजेड मंद, त्यामुळे बाहुली आकसत नाही आणि अदृश्य किरण उघड्या बाहुलीतून थेट आत जातात. ऊन डोळ्यांना सोसतं याचं एक कारण म्हणजे त्यात यूव्हीबरोबर लख्ख उजेडही असतो. यूव्हीबीच्या दिव्याशेजारी भरपूर पांढरा उजेड हवा, तो यासाठीच.

पिळाच्या बल्बमध्ये यूव्हीबी असतं, अडचण त्याच्या आकाराची आहे. सगळा जोर मुठीएवढ्या जागेतून बाहेर पडतो. अगदी जवळ तो तीव्र असतो आणि २५-३० सेंमीवर उरतोच कितीसा. फांदीवर बसलेल्या जनावराला जवळपास काही मिळत नाही. तेच जनावर छताला लटकून बल्बच्या दोन-तीन सेंमी खाली गेलं की डोळ्यावर आणि शिरस्त्राणासारख्या तुऱ्यावर भलताच मारा होतो. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं. एकाच दिव्याने कमीही पडलं आणि जास्तही झालं.

तो लटकतो कशाला, हाही प्रश्न आहे. उबेसाठी असेल, पण आणखी एक शक्यता आहे. सरीसृपांचे अभ्यासक गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की ज्यांच्या खाण्यात ड-३ कमी, ते आपणहून यूव्हीबीच्या जास्त जवळ जाऊन बसतात आणि ज्यांना ते भरपूर मिळालंय ते लांब राहतात. म्हणजे आपली मात्रा आपण ठरवण्याची अक्कल या जनावराला उपजत आहे. ती वापरता यावी म्हणून पिंजऱ्यात पूर्ण उन्हापासून पूर्ण सावलीपर्यंत सगळ्या पायऱ्या हव्यात, आणि सर्वांत वरची पायरीसुद्धा भाजणारी नको.

आता खोक्यावरच्या आकड्याचा घोळ. ५.०, १०.०, ६ टक्के, १२ टक्के हे आकडे दिव्यातून निघणाऱ्या किरणांत यूव्हीबीचा वाटा किती ते सांगतात, तेही प्रत्येक कंपनीच्या आपापल्या हिशेबाने. दिवा एकूण किती जोराचा आहे हे त्यांवरून कळत नाही. ‘१०.०’ चा पिळाचा बल्ब, ‘१०.०’ ची जुनी जाड टी-८ ट्यूब आणि ‘१०.०’ ची बारीक, जास्त जोराची टी-५ एचओ ट्यूब या तीन वेगळ्याच वस्तू आहेत. शॅमेलिऑनच्या पाठीवर किती पडतं ते ट्यूब, तिच्यामागचा रिफ्लेक्टर, मधली जाळी आणि अंतर या चार गोष्टी मिळून ठरवतात. ते मोजायचं माप म्हणजे यूव्ही इंडेक्स, हवामानाच्या बातम्यांत असतो तोच. फर्ग्युसन यांच्याच गटाने २०१० मध्ये रानातले सरडे आणि साप प्रत्यक्षात किती यूव्ही घेतात ते मोजून चार पट्टे मांडले. शॅमेलिऑन पाळणाऱ्यांनी आज दिव्यांचा हिशेब इंडेक्सवर आणला आहे त्याची मुळं तिथे आहेत. व्हेल्ड, पँथर आणि जॅक्सन या नेहमीच्या तिन्ही जातींसाठी ऊन घेण्याच्या फांदीवर, जनावराच्या पाठीच्या उंचीला, इंडेक्स ३ च्या आसपास ठेवतात. तिथून खाली येताना तो उतरत जाऊन पानांच्या दाटीत जवळजवळ शून्य व्हायला हवा. ब्रूकेसियासारख्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या बुटक्या जातींना हे लागू नाही, त्यांना १ च्या आतच पुरतं.

तुमच्या पिंजऱ्याला काय घ्यायचं ते सरळ सांगतो: २४ वॉटची, ६ टक्के किंवा ५.० ची एक टी-५ एचओ सरीसृप-ट्यूब, रिफ्लेक्टर असलेल्या एका ट्यूबच्या पट्टीत. आर्केडिया कंपनीची ६ टक्के आणि झू मेड कंपनीची रेप्टिसन ५.० या दोन ट्यूबवर पाळणाऱ्यांनी मीटर लावून भरपूर नोंदी केलेल्या आहेत, म्हणून त्यांच्याबाबत अंदाज बांधणं सोपं जातं. ट्यूब साधारण ५५ सेंमी लांब असते, म्हणजे तुमच्या दोन फुटी छतावर आडवी नीट बसते. लांब ट्यूबचा मोठा फायदा हा की उजेडाचा ठिपका न पडता पट्टा पडतो आणि जनावराचं अख्खं अंग एकसारखं उजेडात येतं.

पट्टी घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण बरेच जण इथेच फसतात. साधी १४ वॉटची टी-५ ट्यूबही नेमकी तेवढ्याच लांबीची असते आणि पिनाही त्याच. त्यामुळे २४ वॉटची एचओ ट्यूब १४ वॉटच्या पट्टीत सहज बसते, लागतेसुद्धा, पण चोक तिला पुरता करंट देत नाही. उजेड दिसत राहतो आणि यूव्हीबी फार कमी पडतं. पट्टीवर ‘टी-५ एचओ, २४ वॉट’ असं छापलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी चूक धोक्याची आहे. एलईडी ट्यूबसाठी केलेल्या काही पट्ट्यांत चोक नसतोच, घरातला वीजदाब थेट पिनांवर येतो. तिच्यात फ्लुरोसंट ट्यूब घालू नका, ती फुटू शकते. पट्टीवर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असेल तर ते काढा, नाहीतर यूव्हीबी तिथेच अडेल. आणि ट्यूबमागे चकचकीत ॲल्युमिनियमचा वळवलेला पत्रा, म्हणजे रिफ्लेक्टर, हवा. रिफ्लेक्टर चांगला असेल तर खाली पोचणारा जोर दुपटीच्या जवळ जातो. म्हणूनच कोणी ‘माझ्याकडे ट्यूब अमुक अंतरावर आहे’ असं सांगितलं की रिफ्लेक्टर आहे का, हे आधी विचारायचं.

पट्टी थेट जाळीवर टेकवू नका. तुमचा सरडा छताला लटकणारा आहे आणि व्हेल्ड बहुतेक असतातच. दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे देऊन किंवा वरून साखळीने टांगून ट्यूब जाळीपासून १० सेंमी वर घ्या. मग तो उलटा लटकला तरी ट्यूब निदान १० सेंमी लांब राहते आणि इंडेक्स भाजण्याइतका चढत नाही.

६ टक्क्यांच्या ट्यूबला, रिफ्लेक्टर धरून आणि नेहमीच्या बारीक जाळीतून, इंडेक्स ३ सहसा ट्यूबच्या २० ते २३ सेंमी खाली मिळतो. हे अंतर पाठीपर्यंतचं आहे, फांदीपर्यंतचं नाही. मोठा होत आलेला व्हेल्ड फांदीवर उभा राहिला की त्याची पाठ फांदीच्या पाच-सहा सेंमी वर असते, तुरा तर आणखी वर. म्हणून हिशेब असा करा: ट्यूबपासून जाळी १० सेंमी, जाळीपासून पाठ १२ सेंमी, पाठीपासून फांदी ६ सेंमी. म्हणजे ऊन घेण्याची फांदी जाळीच्या १८ सेंमी खाली बांधायची. फांदी ट्यूबला समांतर, तिच्या बरोबर खाली आणि अंगठ्याएवढी जाड असू द्या, म्हणजे पायांची पकड पूर्ण बसते. ट्यूबला काटकोनात बांधलीत तर फक्त मधला तुकडा उजेडात येतो आणि तो पुढे सरकला की शेपूट अंधारात, डोकं अंधारात असा प्रकार होतो. या फांदीच्या खाली १५-१५ सेंमीवर आणखी दोन आडव्या फांद्या बांधा. पिंजऱ्याचा जवळपास अर्धा भाग दाट पानांचा ठेवा, आणि त्यातली काही पानं वरच्या फांदीला टेकतील इतकी वर असू द्या. कंटाळा आला की त्याला दोन पावलांत सावलीत जाता आलं पाहिजे. नाहीतर सावली खाली तळाशी आणि ऊब वर छताशी, असं एक काहीतरी निवडणं त्याच्यावर येतं आणि तो ऊब निवडतो.

दिवा बाजूने कधीच लावू नका. डोळ्याचा शंकू आणि कपाळाची कड हे त्याचं संरक्षण वरून येणाऱ्या उन्हासाठी आहे. बाजूच्या जाळीला बांधलेला दिवा सरळ त्या छोट्या भोकातून आत घुसतो.

आमचा आग्रह मीटरवर आहे. सोलरमीटर ६.५ हा यूव्ही इंडेक्स दाखवणारा मीटर या कामासाठी वापरला जातो. तो महाग असतो, वर्षातून दोन-तीनदाच लागतो, म्हणून चार पाळणाऱ्यांनी मिळून घेतला तरी चालतं. काही पशुवैद्यांकडेही असतो. मायक्रोवॉटमध्ये एकूण यूव्हीबी दाखवणारा ६.२ घेऊ नका. घातक लहान लहरी आणि सौम्य लांब लहरी तो सारख्याच मोजतो, त्यामुळे दोन वेगळ्या दिव्यांची तुलना त्यावर करता येत नाही. रंग बदलणाऱ्या चाचणी कार्डावरून फक्त ‘काहीतरी यूव्ही आहे’ एवढं कळतं, किती ते कळत नाही.

मोजण्याआधी ट्यूब अर्धा तास चालू ठेवा, थंड ट्यूब पुरा जोर देत नाही. सरडा बाहेर काढा. मीटरचं भोक वर ट्यूबकडे ठेवून पाठीच्या उंचीवर, फांदीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना मोजा. मग मीटर छताच्या जाळीला आतून टेकवून मोजा, कारण सर्वांत वाईट आकडा तिथेच असतो. मधल्या फांद्यांवर आणि पानांआड शेवटी. फांदीवर ३, फार तर ४ आला तर ठीक. छताला ६ च्या वर गेला तर पट्टी आणखी वर घ्या आणि फांदीही तेवढीच वर सरकवा. मधल्या फांदीवर १ ते २ असावा. आकडे तारखेसकट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी ते कामाला येतात. मीटर मिळालाच नाही तर ट्यूब आणि पट्टी एकाच कंपनीची घ्या आणि तिने दिलेला अंतराचा तक्ता वापरा. फक्त तो तक्ता जाळीशिवायचा आहे की जाळीसकट ते बघा. जाळीच्या विणीनुसार ३० ते ५० टक्के यूव्हीबी तिथे अडतं.

१२ टक्क्यांची ट्यूब वाईट नाही, तुमच्या पिंजऱ्याला ती गरजेची नाही एवढंच. तिच्या खाली इंडेक्स ३ साधारण ३० ते ३५ सेंमीवर येतो. म्हणजे ट्यूब जाळीच्या बरीच वर टांगावी लागते किंवा फांदी खूप खाली न्यावी लागते. फांदी खाली नेली की छत आणि फांदी यांच्यामधली सगळी जागा प्रखर होते आणि तुमचा सरडा नेमका तिथेच जातो. पट्टी २० सेंमी वर टांगायची सोय असेल, वर उंच झाडी वाढवायची असेल, तर तिचा विचार करा. ‘जास्त टक्के म्हणजे जास्त आरोग्य’ हा हिशेब इथे चालत नाही. आणि दोन ट्यूबच्या पट्टीत दोन्ही यूव्हीबी ट्यूब घालू नका, दोघींचा इंडेक्स एकत्र मिळतो. एक यूव्हीबीची आणि दुसरी ६५०० केल्विनची साधी पांढरी टी-५ एचओ, अशी जोडी घातली तर उत्तम. झाडंही छान वाढतात.

डोळे पूर्ण बरे झाल्यावर आणि पशुवैद्यांनी हो म्हटल्यावरच नवी ट्यूब सुरू करा, आणि सुरुवात हळू करा. नवी ट्यूब पहिल्या १०० तासांत नेहमीपेक्षा जोरात असते, मग तिचा जोर स्थिरावतो. रोज १२ तास धरले तर हे साधारण नऊ दिवस झाले. तेवढे दिवस फांदी जाळीपासून २२-२३ सेंमी खाली ठेवा, मग दोन टप्प्यांत १८ वर आणा. इतके महिने कमी मिळालं ते आता भरून काढू, म्हणून सुरुवातीलाच फांदी वर घेऊ नका. हाडांचं नुकसान झालंय अशी शंका असेल, म्हणजे पकड ढिली, पाय वाकडे, जबडा मऊ, जीभ भक्ष्यापर्यंत पोचत नाही, अंगाला कंप, तर एक्स-रे आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून उपचार पशुवैद्य ठरवतील. एकटा दिवा ते काम करू शकत नाही.

खाण्यातल्या पावडरीचा याच्याशी जवळचा संबंध आहे. कातडीत यूव्हीबीने तयार होणाऱ्या ड-३ ला शरीराचा आपला लगाम असतो. जास्तीचा कच्चा माल त्याच उजेडात मोडून निकामी होतो. तोंडावाटे गेलेल्या ड-३ ला असा लगाम नाही, ते साठत जातं आणि मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसायला लागतं. म्हणून यूव्हीबी ठीक झालं की रोजच्या कीटकांवर ड-३ नसलेली साधी कॅल्शियम पावडर लावा आणि ड-३ आणि अ जीवनसत्त्व असलेली मिश्र पावडर पंधरवड्यातून एकदाच. पावडर म्हणजे कीटकांवर हलकी धूळ दिसावी इतकीच, पांढरे फटक झाले की तो तोंड फिरवतो.

बाजारात आणखी काही दिवे दिसतील, त्यांबद्दल पटकन. मर्क्युरी व्हेपर बल्ब ऊब आणि यूव्हीबी एकत्र देतो, पण तो डिमरवर चालत नाही, थर्मोस्टॅटने चालू-बंद करता येत नाही आणि एका ठिकाणी फार तापवतो. शॅमेलिऑनला तो नको. ‘यूव्हीए-यूव्हीबी टू इन वन’ लिहिलेले छोटे हॅलोजन बल्ब फक्त ऊब देतात, त्यांतून यूव्हीबी जवळपास येत नाही. यूव्हीबी एलईडी पट्ट्या नव्या आहेत, त्यांच्या किरणांचा पट्टा अरुंद असतो आणि ट्यूबसाठी बनलेले मीटर त्यांच्यावर खरा आकडा देतीलच असं नाही. डोळे दुखावलेल्या जनावरावर तर त्यांचा प्रयोग नकोच. त्वचारोगांच्या उपचाराच्या ट्यूब आणि नखांचे दिवे यांचा तर विषयच नको.

आणि एक ओळख पक्की लक्षात ठेवा. सरीसृपांची यूव्हीबी ट्यूब आतून पांढऱ्या भुकटीचा लेप असलेली, दुधी दिसते. ट्यूबची काच आरपार स्वच्छ असेल, टोकाची तार स्पष्ट दिसत असेल किंवा कुठे ‘यूव्हीसी’, ‘२५४’, ‘जंतुनाशक’ असं लिहिलं असेल, तर ती चालूच करू नका. ती पाणी आणि हवा निर्जंतुक करायची असते, तिच्या लहरी उन्हात कधीच नसतात आणि थोड्याच वेळात सरड्याचे आणि तुमचेही डोळे भाजून काढतात. काच काळपट जांभळी असेल तर ती ब्लॅकलाइट. २०१८ मध्ये जर्मन संशोधकांनी काही शॅमेलिऑनच्या डोक्यावरच्या हाडांचे उंचवटे यूव्हीखाली निळसर चमकतात हे दाखवलं. तेव्हापासूनचे ते सुंदर फोटो तुम्ही पाहिले असतील. ते बघून घरच्या सरड्यावर यूव्ही टॉर्च मारायचा मोह होतो. कृपा करून मारू नका.

ऊब वेगळ्या बल्बने द्या. साधा पांढरा ४०-५० वॉटचा तापणारा बल्ब ट्यूबच्या शेजारी, जाळीपासून वर टांगून. त्याचा झोत त्याच फांदीच्या एका टोकावर पडू दे. ड-३ चा शेवटचा टप्पा अंगाच्या उबेने पुरा होतो, म्हणून ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी हवेत. तुऱ्याच्या उंचीला थर्मामीटरची तार बांधून २९-३० अंश सेल्सिअसपर्यंत आणा. तुरा बल्बला सर्वांत जवळ असतो आणि व्हेल्डमध्ये भाजतो तोच. एक मिनिटभर हाताची मागची बाजू तिथे धरा, चटका बसला तर बल्ब वर घ्या. सगळे दिवे टायमरवर, दिवसा १२ तास. रात्री पूर्ण काळोख, लाल किंवा निळा ‘रात्रीचा’ बल्बही नको, तो उजेड त्यांना दिसतो आणि झोप मोडते.

खिडकीतलं ऊन पुरेसं नाही. साध्या काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही, नुसती उष्णता येते. मोकळ्या उन्हात नेणं मात्र फार चांगलं, पण जाळीच्या पिंजऱ्यात, सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, अर्धी जागा सावलीत ठेवून आणि फवारा मारत. सुरुवात १५-२० मिनिटांनी करा आणि तिथून हलू नका. काचेच्या टाकीत घालून उन्हात ठेवलेला शॅमेलिऑन काही मिनिटांत उष्माघाताने मरू शकतो.

देखभालीत पाणी हाच खरा त्रास. फवाऱ्याच्या पाण्यातले क्षार ट्यूबवर पांढरट थर धरतात आणि यूव्हीबी खातात. आठवड्यातून एकदा प्लग काढून, ट्यूब थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, रिफ्लेक्टरही पुसा. वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावर गळून पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. त्या सर्किटला गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर असावा. ट्यूबच्या टोकाला बसवल्याची तारीख मार्करने लिहा. टी-५ एचओ साधारण वर्षाने बदलतात. मीटर असेल तर फांदीवरचा इंडेक्स २ च्या खाली जाईपर्यंत वापरायला हरकत नाही. उजेड लख्ख आहे म्हणजे यूव्हीबी आहे असं नसतं, यूव्हीबी आधी संपतं. नवी ट्यूब घातली की पुन्हा फांदी थोडी खाली आणि १०० तास थांबणं, हे दरवेळी करायचं.

ट्यूब फुटली तर तिच्यात थोडा पारा असतो. सरड्याला दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडून पंधरा मिनिटं थांबा, तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक कण ओल्या फडक्याने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ई-कचऱ्यात द्या. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा हवेत पसरतो. तुमचा पिळाचा बल्बही याच डब्यात जाऊ दे.